राखणदाराची काडतुसं

कोयता काजूच्या झाडावर टांगलेला होता आणि तुळसाचा हात तिथवर पोचत नव्हता.

तो टांगला खोताच्या गड्याने, लवूने. भिकाजी खोताची माणसं सकाळीच टोपल्या घेऊन घराभोवतीच्या काजूच्या माळावर, भरडीत, शिरली होती. तुळसा वईच्या, काटेरी कुंपणाच्या, कडेला काट्या तोडत होती. "हय कित्याक इलास?" असं विचारत ती पुढे गेली, तेव्हा लवूने तिच्या हातातला कोयता अगदी सहज काढून घेतला, उडी मारली आणि वरच्या फांदीच्या बेचक्यात अडकवून टाकला. बाकीचे हसले. मग सगळे कामाला लागले. पडलेली बोंडं उचलायची, पिळून बी टोपलीत टाकायची, बोंड तिथेच फेकायचं.

तुळसा एका झाडाखाली बसली आणि तीही बिया गोळा करू लागली. तिची टोपली अर्धी झाली तसा लवू आला, त्याने ती आपल्या टोपलीत ओतून घेतली आणि रिकामी टोपली तिच्यापुढे ठेवली.

"घे गो. टोपली तुझी."

तिचा नवरा सत्यवान विहिरीवरून धावत आला. त्याचा उजवा हात धावतानाही हलत नव्हता, अंगाला चिकटून लोंबत होता. तीन पावसाळ्यांपूर्वी तो खोताच्या आंब्यावरून, फळं उतरवायच्या झेल्यासकट, खाली पडला. हाड बसवणाऱ्याने हाड बसवलं, पण खांदा उचलेना आणि बोटांत पकड राहिली नाही. तरी तो कोयता काढायला झाडावर चढू लागला. डावा हात फांदीला, पाय बुंध्याला. काजूच्या डिंकाने पाय सरकला आणि तो पोट घासत खाली आला. सदरा छातीवर फाटला.

भिकाजी दगडी गडग्यावर उभा होता. पायात वहाणा, हातात छत्री. त्याने आवाज चढवला नाही.

"सत्यवाना, रव. परत पडशीत. राखूक जमणा नाय तर सोडून देवची रे भरड. तुका कागद गावलो, कागद घे. राखणारो राखता, तेची जमीन."

खरी गोष्ट एवढीच होती. कूळकायद्याने खालचे भाताचे कुणगे सत्यवानाच्या नावावर झाले, तो अपमान भिकाजीने गिळला. घराभोवतीच्या काजूच्या भरडीचा निकालही मामलेदारांनी सत्यवानाच्याच बाजूने दिला, तो मात्र त्याच्या घशाखाली उतरला नाही. कागद सत्यवानाकडे आणि पाय भिकाजीचे. दोन-चार वर्षं काजू त्याची माणसं नेऊ लागली, गवत त्याची माणसं कापू लागली, तर भरड सत्यवानाची होती असं सांगायला गावात कोणी उभं राहिलं नसतं. आणि घर त्या भरडीच्या मधोमध होतं, एकटं. हाक मारली तर ऐकू जाईल असं दुसरं घर नव्हतं. भरड गेली की घराखालची जमीन पण गेली.

संध्याकाळी तुळसा चुलीपुढे बसली होती. काजूच्या तेलाने बोटांची सालं निघाली होती, ती खोबरेल लावत होती. सत्यवानाची थोरली बहीण अक्का, विधवा होऊन या घरी परतलेली, सुपात कुळीथ निवडत होती.

"राखणदार आसा," अक्का म्हणाली. "दर वर्षाक कोंबो खाता तो. तो बघून घेतलो."

"आज सकाळी खंय होतो?" तुळसाने विचारलं.

"कोंबो खावन निजलो आसतलो," सत्यवान म्हणाला.

अक्का हसली नाही. भरडीच्या टोकाला किंजळीच्या झाडाखाली जमिनीची राखण करणाऱ्या देवाचा, राखणदाराचा, धोंडा होता. तिने त्या दिशेला हात जोडले आणि पुन्हा कुळीथ निवडू लागली.

"माका बंदूक होयी," तुळसा म्हणाली.

सत्यवानाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या हाताकडे. "कोण चलवतलो?"

"मी."

त्याने डाव्या हाताने उजवा खांदा चोळला. "खोताची दुनळी मी खांद्यार व्हायलंय, पारधीक जाताना. जड आसता ती."

"माका खोताची नको."

"कोयतो तरी काढूया. फाल्या खालच्या वाडीतसून शिडी हाडतंय."

"नको. ज्येना टांगल्यान तोच काढतलो. तवसर थयच रवांदे."

देवगडला मामलेदार कचेरीत दोघं गेली. अर्ज लिहून घेणारा कारकून शाईच्या दौतीवरचं झाकण काढत म्हणाला, "बंदूक कशासाठी हवी?"

"रानडुकरा येतत," तुळसा म्हणाली. "वानर येतत. माणसाय येतत."

मागच्या टेबलावरच्या मामलेदारांनी मान वर केली. भरडीचा निकाल त्यांनीच दिला होता. "माणसं लिहिता येत नाहीत, बाई. डुकरं लिहू. पीक संरक्षण." मग कारकुनाला म्हणाले, "नवऱ्याच्या नावाने घ्या. घरात पुरुष आहे ना?"

सत्यवानाने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि टेबलावर ठेवला, बाजारात एखादी वस्तू दाखवायला ठेवावी तसा. त्याचे कान लाल झाले होते.

"सायेब, ह्यो हात असो आसा. बंदूक तीच चलवतली. नाव तिचाच घाला."

मामलेदार त्या हाताकडे पाहत राहिले. "बरं," ते म्हणाले. "उचला तो हात. शाई लागेल."

पोलीस पाटलाचा जबाब झाला, वाडीत चौकशी झाली, आणि पावसाच्या तोंडावर परवाना आला. दुसऱ्या दिवशी दोघं तळेऱ्याला चालत जाऊन एस.टी.त बसली आणि सावंतवाडीला उतरली. तळ्यामागच्या आळीत, लाकडी खेळणी रंगवणाऱ्यांच्या पलीकडे, गंगारामचं दुकान होतं. तो जुन्या बंदुका दुरुस्त करी आणि विकी. दुकानात तेलाचा आणि घासलेल्या लोखंडाचा वास होता. गंगारामने परवाना वाचला, सत्यवानाकडे पाहिलं, पुन्हा वाचला आणि मग तुळसाकडे पाहिलं.

"बाय, बंदूक कधी हातात धरलंस?"

"नाय."

"बरा झाला. वायट सवय नाय."

त्याने गोणपाटावर तीन बंदुका मांडल्या. पहिली ठासणीची होती. नळी लांब, लाकूड काळं पडलेलं. सत्यवानाने हीच मनात धरली होती. गावचा लोहार दुरुस्त करील आणि दारू गावातच मिळेल, असा त्याचा हिशोब होता.

"वरसून दारू घालूची," गंगाराम दाखवू लागला, "मगे चिंधी, मगे छर्रे, मगे परत चिंधी. गजान ठासूची. कानार टोपी बसवूची. मगे बार."

"आणि पावसात?"

"पावसात दारू वली जाता. पावसात घरात बसूचा."

"खोत पावसात घरात बसना नाय," तुळसा म्हणाली आणि ती बाजूला सारली.

दुसरी दुनळी होती, बिनघोड्याची. घोडे आत लपलेले, बाहेरून सगळं गुळगुळीत. सत्यवानाचा डावा हात आपोआप तिच्या नळ्यांवर गेला. अशीच बंदूक त्याने भिकाजीच्या मागून रानोमाळ वाहिली होती; बार मात्र कधी काढला नव्हता. तुळसाने ती उचलून खांद्याला लावली. नळ्यांचं टोक लगेच खाली झुकलं. ते वर धरायला तिला कंबर मागे वाकवावी लागली, आणि दस्ता खांद्यावर न बसता काखेत अडकला. हात थरथरू लागले तशी तिने ती खाली ठेवली.

"बरी आसा ती," सत्यवान म्हणाला. "एक बार चुकलो तर दुसरो आसता."

"दुसऱ्या बारासर हात रवाक व्हयो."

तिसरी एकनळी होती. जुनी, पण नळी आतून आरशासारखी स्वच्छ. घोडा बाहेर होता, मागे वाकलेला, अंगठा बसायला त्यावर रेघा कोरलेल्या.

"ह्यो वडल्याशिवाय बार जावचो नाय," असं म्हणून गंगारामने घोडा ओढला.

कट्ट.

आवाज फार मोठा नव्हता. पण दाराशी कुलूप घेऊन उभा असलेला एक गिऱ्हाईक बोलता बोलता थांबला आणि मागे वळला. आळीतून डोक्यावर भारा घेऊन चाललेली बाई क्षणभर थबकली. तुळसाने दोघांकडे पाहिलं.

"परत करा," ती म्हणाली.

गंगारामने घोडा उतरवला आणि पुन्हा ओढला. कट्ट. गिऱ्हाईक दारातून बाजूला झाला.

"डुकराक ह्यो आवाज कळना नाय," तुळसा म्हणाली. "माणसाक कळता. माका हीच होयी."

गंगारामने तिला कोपर वाकवायला सांगितलं. दस्त्याची टाच कोपराच्या आतल्या बाजूला टेकवली आणि बोट चापापर्यंत पोचतं का ते पाहिलं. बोट अलीकडेच राहिलं. "दोन बोटा जास्त आसा. कापूचो लागतलो."

"कापा."

"एकदा कापलो की दादल्याक ही चलवूक येवची नाय. परत इकूक गेलंस तर कोण घेवचोय नाय. इचार कर."

तुळसाने सत्यवानाकडे पाहिलं. तो दुनळीकडे पाहत होता. त्याने नजर वळवली.

"कापा," तो म्हणाला.

अक्रोडाच्या लाकडाचा तांबूस भुसा गोणपाटावर पडला. मापात बसेपर्यंत गंगारामने तीनदा बंदूक तिच्या खांद्याला लावून पाहिली. शेवटी ती बसली. खांदा आणि दस्ता यांच्यात बोट शिरेल एवढीही फट राहिली नाही. मग त्याने तिला घोडा उतरवायला शिकवलं, कारण ओढण्यापेक्षा तेच अवघड होतं.

"पयलो आंगठो घोड्यार घट्ट. मगे चाप दाबूचो. मगे हळूहळू सोडीत हाडूचो. आंगठो निसटलो तर बार गेलो. कळला?"

तिने ते इतक्या वेळा केलं की अंगठ्यावर घोड्याच्या रेघा उमटल्या.

काडतुसं लाल कागदाची होती, बुडाला पितळ. "कागद आसा," गंगाराम म्हणाला. "वल लागली की फुगता. फुगला की नळीत जाणा नाय. कोरड्यात ठेव."

तिने ती घरी आणून भाताच्या कणगीत, दाण्यांत खोचून ठेवली. दस्त्याचा कापलेला तुकडा अक्काने डुगडुगणाऱ्या घडवंचीच्या पायाखाली सारला, तेव्हापासून ती डुगडुगायची थांबली.

पहिला बार तिने जुन्या इरल्यावर काढला. इरलं भरडीतल्या मेढीला बांधलं होतं. जवळून मारल्यावर छर्रे थाळीएवढ्या जागेत बसले, लांबून मारल्यावर सुपाएवढ्या. तिने दोन्ही वेळा जाऊन भोकांवरून हात फिरवला. कानात दिवसभर माशी गुणगुणत राहिली. खांदा आधी लाल, मग निळा, मग कच्च्या जांभळासारखा झाला. अक्काने गरम हळद लावली.

"घोवान मारल्यान म्हणतीत लोक."

"म्हणांदे."

पण कोणी तसं म्हटलं नाही. बाराचा आवाज खालच्या वाडीपर्यंत गेला होता. तो निळा डाग कशाचा आहे हे लावणीच्या चिखलात वाकलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. दोघींनी चोळी सरकवून पाहूनही घेतलं.

आषाढात सतत पाऊस लागला. अमावास्या होऊन चार-सहा दिवस झाले असतील. खालच्या कुणग्यात डुकरं उतरली म्हणून तुळसाने दिवस मावळता मावळता बंदूक काढली, नळी मोडली आणि कणगीतलं एक काडतूस आत सारलं. ते अर्ध्यात अडकलं. दाबलं तर कागद चुरगळला. दुसरं घेतलं, तेही अडकलं. सगळी तशीच होती, फुगलेली आणि फिकट. भात मात्र कोरडं ठणठणीत होतं.

तिने मागे पाहिलं. अक्का दारात उभी होती. तिच्या पांढऱ्या पदराच्या टोकाला लाल रंग लागला होता.

"अक्कानू, काडतुसा खंय नेल्लास?"

"राखणदाराक दाखवक."

"पावसात?"

"तो पावसातच रवता, गो."

अक्काचं म्हणणं सरळ होतं. घरात नवं वासरू आलं, नवा नांगर आला की आधी राखणदाराला दाखवायचा, तेव्हाच तो त्याला आपला मानतो. बंदूक दाखवायची राहिली होती. ती उचलून नेली असती तर तुळसाने पाहिलं असतं, म्हणून अमावास्येला तिने काडतुसं नेली. धोंड्यापुढे पानावर तांदळाची भाकरी, विडी आणि काडतुसं ठेवली. भाकरी संपेपर्यंत मांडलेलं उचलायचं नसतं. भाकरी संपायला दोन दिवस लागले. मग तिने ती पदराने पुसून परत कणगीत ठेवली.

सत्यवान हसू लागला. डाव्या हाताने पोट धरून तो ओट्यावर बसला. तुळसा हसली नाही. ती बंदूक घेऊन तशीच उभी होती आणि खाली कुणग्यात डुकरं लोळत होती.

"आता ती चुकूची नाय," अक्का म्हणाली.

"जावची नाय, तर चुकतली कशी," तुळसा म्हणाली आणि डबा वाजवत खाली उतरली.

पाऊस ओसरल्यावर काडतुसं उन्हात वाळवली, पण कागदाचे पदर सुटले ते सुटलेच. ती कापायला किंवा घासायला, भडका उडेल म्हणून, सत्यवानाने हात लावू दिला नाही. लावणी, बेणणी आणि भरून वाहणारे व्हाळ यांतून सावंतवाडीला जायला सवड झाली नाही, आणि चतुर्थी आली.

गणपती पाहायला शत्रूच्या घरीही जातात. भिकाजी आला. मागे लवू, छत्री मिटवत. भिकाजीने हात जोडले, पाटावर बसला, करंजीचा तुकडा मोडला.

"बंदूक घेतलंस म्हणे तुळसा. बघूया तरी."

गणपतीसमोर नाही म्हणता येईना. तुळसाने बंदूक आणली. भिकाजीने उभं राहून ती सराईतपणे खांद्याला लावली आणि त्याच्याच अंगठ्याचा ठोसा त्याच्या नाकाला बसला. कोपर बरगडीशी अडकलं. त्याने दोनदा जागा बदलून पाहिली. दारात लवूने मान खाली घातली.

"ह्या खेळणा आसा," भिकाजी म्हणाला. "आखूड."

"माझ्या मापाची आसा."

"माका तर बसणा नाय."

"तुमची खंय आसा, खोतानू?"

त्याने ती परत दिली आणि करंजी खाऊ लागला. मग घरच्यासारखं विचारलं, "काडतुसा खंय ठेवतास? ह्या दिवसांनी वल लागता."

तुळसा उत्तर शोधत होती तेवढ्यात अक्का म्हणाली, "राखणदाराकडे दिलेली."

पदराने नळी पुसणारा तुळसाचा हात जागच्या जागी थांबला. भिकाजी मोठ्याने हसला. त्याला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. लवू हसला नाही.

"कधी दिल्यात?" त्याने दारातूनच विचारलं.

"जेठातल्या अवसेक."

"मगे?"

"तेना भाकरी खाल्ल्यान. मगे हाडलंय परत."

लवूने आधी तुळसाच्या हातातल्या बंदुकीकडे आणि मग भरडीच्या टोकाकडे पाहिलं.

आश्विनात भात कापून झाल्यावर तुळसा एकटी सावंतवाडीला जाऊन आली. गंगारामचं कपाट रिकामं होतं. उत्तरेला सरहद्दीवर लढाई लागली होती. माल येत नव्हता, कधी येईल हे त्याला सांगता येत नव्हतं. "लायसन आसलेले सगळे येवन परत जातत," तो म्हणाला. "खोत, सावकार, सगळे." ती रिकाम्या हाताने परतली.

कार्तिकात भरडीतलं गवत पिवळं पडलं. गुडघ्याच्या वर आलं होतं. कापणी आज-उद्यावर आली होती आणि ती सुरू करायला भिकाजीची माणसं आधी आली. सूर्य गडग्यावर आला होता. पाच-सहा गडी, दोन बायका आणि पुढे लवू. भिकाजी स्वतः वई ओलांडून आत आला होता. गवत कापायच्या विळ्यांचा सर्रसर्र आवाज घरात ऐकू आला.

तुळसाने बंदूक घेतली. नळी मोडून पाहिली. आतून पलीकडचं दार दिसलं, गोल. तिने नळी बंद केली.

"रिकामी घेवन जातलंस?" सत्यवानाने हळूच विचारलं.

"दुसरी खंय आसा?"

तो तिच्याबरोबर निघाला. काजूच्या झाडापाशी दोघं थांबली. वर बेचक्यात कोयता होता, गंजून तांबडा झालेला, मुठीचं लाकूड पावसाने चिरलेलं.

"सत्यवाना," भिकाजी म्हणाला, "बायलेक फुडे करून इलंस?"

"फुडे नाय," सत्यवान म्हणाला. "बाजूक आसंय मी."

"गवत माझा आसा," तुळसा म्हणाली. "भायर जावा."

"काप रे लवू," भिकाजी म्हणाला.

तुळसाने बंदूक खांद्याला लावली. दस्ता त्या निळ्या डागाच्या जागी बसला. तिने घोडा ओढला.

कट्ट.

विळे थांबले. वाकलेल्या बायकांपैकी एक तशीच वाकून राहिली, सरळ व्हावं की नाही हे तिला कळेना.

भिकाजीने हसण्याचा प्रयत्न केला. "रिकामी आसा ती. काडतूस माझ्याकडे नाय, गावात कोणाकडे नाय, तर हिच्याकडे खयसून येतला?"

"मगे येवा," तुळसा म्हणाली. "रिकामी आसा तर भियाचा कित्याक?"

"जा रे लवू. घे काढून तिच्या हातातसून. कोयतो घेतलंस तशीच."

लवू हलला नाही.

"खोतानू, ती राखणदाराची काडतुसा."

"तर?"

"भाकरी खाल्ल्यान तेना."

"मेल्या, कावळ्यान खाल्ल्यान आसतली."

"कावळो म्हणजे तरी कोण?" लवू म्हणाला.

मागच्या गड्यांपैकी एकाने विळा कमरेच्या आकडीत अडकवला. भिकाजीने तो आवाज ऐकला, पण मागे पाहिलं नाही. "जा म्हणतंय ना तुका."

"तुमी म्हणतास रिकामी आसा, तर तुमी जावा फुडे," लवू म्हणाला. "मी मागसून येतंय."

भिकाजीने एक पाऊल टाकलं. गवत त्याच्या वहाणेखाली मोडलं. नळीचं तोंड आता त्याला पूर्ण गोल दिसत होतं. चतुर्थीला हीच बंदूक त्याच्या खांद्याला कुठूनच बसली नव्हती. इथे तिच्या गालाला लाकूड टेकलेलं होतं, बोट चापावर होतं, आणि बंदुकीचं टोक जराही हलत नव्हतं. तो थांबला. धोतराच्या निऱ्या एका हाताने वर घेतल्या, पुन्हा सोडल्या.

"कोर्टात बघूया," तो म्हणाला.

"कोर्टान बघल्यान," तुळसा म्हणाली. "आता तुमी बघा."

तो वळला. वई ओलांडताना त्याचं धोतर काटीला अडकलं. ते सोडवायला कोणी पुढे झालं नाही, त्याने स्वतःच ओढून सोडवलं. गडी एकेक करून त्याच्या मागून निघाले.

"लवू," तुळसा म्हणाली. "कोयतो."

लवूने झाडाकडे पाहिलं. टांगताना त्याने एक उडी मारली होती. आता त्याने विळा खाली ठेवला, बुंध्याला मिठी मारली आणि सावकाश चढला. कोयता बेचक्यात घट्ट बसला होता, हलवून हलवून काढावा लागला. गंजाचा भुसा त्याच्या डोळ्यांत पडला. उतरून त्याने मूठ पुढे करून तो तिच्यासमोर धरला.

"ह्यांच्याकडे दे."

सत्यवानाने डावा हात पुढे केला आणि कोयता घेतला. लवू विळा उचलून खाली वाडीच्या वाटेला लागला. भिकाजी गेला होता ती वाट दुसऱ्या बाजूला होती.

वईपलीकडची पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर तुळसाने बंदूक खांद्यावरून काढली. घोडा अजून ओढलेलाच होता.

"माझो आंगठो चलना नाय," ती म्हणाली.

अंगठा थरथरत नव्हता, नुसता ताठ झाला होता. सत्यवानाने कोयता गवतात टाकला. तिच्या अंगठ्यावर आपला डावा अंगठा ठेवून दाबला.

"चाप दाब."

तिने दाबला. घोडा दोघांच्या अंगठ्यांखाली हळूहळू खाली आला, गंगारामने शिकवलं होतं अगदी तसा. नळी रिकामी होती हे दोघांनाही ठाऊक होतं. दोघांनीही अंगठा सोडला नाही.

अक्का घरातून विळे घेऊन आली. तिने गवताकडे पाहिलं, बंदुकीकडे पाहिलं.

"बार काढलंस?"

"नाय."

"बरा केलंस. त्येची काडतुसा फुकट घालवूची नाय."

तुळसाने बंदूक काजूच्या झाडाला, आपला हात पोचेल अशा फांदीवर अडकवली. लवूने सुरुवात केली होती तिथे गवताची एक ओळ कापून पडली होती. ती त्या ओळीच्या टोकाशी जाऊन वाकली आणि तिथूनच पुढे कापायला लागली.